डाग

सराफ्यात रात्री नऊला शटरं खाली येतात
आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात.
गराडूचा वास गल्लीत शिरायच्या आत
मला हिंदुराव निकमची गलाई गाठायची असते,
बोळाच्या शेवटी, जिना चढून, डावीकडे.

हिंदुराव विट्याकडचा. चाळीस वर्षं इंदुरात,
अजून ‘ठिवलंय’ म्हणतो.
मी इथलाच; माझ्या मराठीला पुण्याचे पाहुणे हसतात.
एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली.
आता पेन्शनीतून चांदीची जुनी नाणी घेतो,
तीही इराणातली.
का, ते बायकोला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

खरं तर इराणातलं फार थोडं हाती लागतं.
माळव्यात मिळतो तो गधैया:
तिकडच्या नाण्याची नक्कल, त्या नकलेची नक्कल,
राजा कधी न पाहिलेल्या हातांनी कोरलेली.
आधी मुकुटाचे पंख गेले, मग कान, मग डोळा,
शेवटी नाक म्हणून एक उभी रेघ
आणि हनुवटीच्या जागी तीन ठिपके.
सातवी ब मध्ये मी फळ्यावर गुलाब काढायचो
आणि शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत त्याचा कोबी व्हायचा.
रागवायचो तेव्हा.
आता तसले कोबी डबीभर जमलेत
आणि एकेक ठिपका ओळखीचा आहे.

परवा हिंदुरावचा निरोप आला:
“मास्तर, गाढवाचा न्हाई. रुंद पत्र्याचं आलंय.”

झाबुव्याकडचे तोडे, वाळे, एक वाकलेली हासळी,
मोडीच्या त्या ढिगात हे, पापडासारखं पातळ.
खुस्रो. पंख शाबूत. काठाला चंद्रकोरी.
डोक्यामागे दोन शब्द, तक्ता लावून वाचले:
तेज वाढो.
आणि बरोबर मुकुटावर डाग देऊन बसवलेली कडी,
दोऱ्यात ओवायला.
मागची बाजू गुळगुळीत. किती छात्यांवर घासली असेल.
तरी तिरपं धरलं की दिसतात:
मध्ये अग्नी, दोहोंकडे दोघे.

“डाग काढून देऊ?” फुंकणी हातात घेऊन हिंदुराव म्हणाला.
“भाव वाढंल तुमचा.”

मी विचारलं, कुणी आणलं.
“बाई हाय. खाली बसलीय पायरीवर, पैसं व्हायचेत अजून.”

कडीसकट साडेचार ग्रॅम. चारशे वीस रुपये.
यादीतली किंमत मला पाठ होती. बोललो नाही.
भट्टी आमच्या मध्ये पेटलेली,
तो त्या अंगाला, मी या अंगाला,
दोघांच्या तोंडावर धग,
आणि दोघेही खाली बघत उभे,
मुशीत हासळी बसकण मारत होती तिच्याकडे.
किती वेळ, कोण जाणे.
खालून कढईत पहिलं काहीतरी पडल्याचा आवाज आला.

“राहू दे डाग,” मी म्हणालो,
आणि वर दोन हजार ठेवले. “हे बाईला दे.”
“कशाचं?”
“कडीची घडणावळ.”
हिंदुराव हसला. दात काळे, हसू चांगलं.
“मोडीला घडणावळ कोण देतं, मास्तर?”

तरी यादीतल्या किमतीच्या निम्मेही झाले नाहीत.
हे इथे लिहून ठेवतो.

उतरताना ती पायरीवर सरकली, मला वाट दिली.
गळ्यात नुसता काळा दोरा, गाठ अजून नवी.
कुणीतरी मागून ओरडलं, “भिया, जरा बाजू से!”
मी बाजूला झालो, आणि मग गर्दीच होती.

नाणं घरी आहे.
कडीमुळे पाकिटात मावत नाही, डबीत टाकलंय,
त्या नाक-रेघांच्या, ठिपक्यांच्या नातवंडांत.
झाकण दाबून पाहिलं.
एका बाजूने केसभर उघडंच राहतं.